गणित अध्यापक मंडळाची जबाबदारी घेताना: ठाणे-नवी मुंबईतल्या गणित शिक्षकांसाठी

आपल्या भागातले गणित शिक्षक गणित अध्यापक मंडळाच्या, म्हणजे आपल्याच विषय शिक्षकांच्या संस्थेच्या, परीक्षांना मुलं बसवतात, कार्यशाळेला येतात, वर्गणीही भरतात. कार्यकारिणीसाठी नाव द्यायची वेळ आली की मात्र बहुतेक जण मागे सरतात. ‘शाळेची कामंच आवरत नाहीत, त्यात हे कुठे घेऊ?’ हे उत्तर मी खूप जणांकडून ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं, दोन सत्रांची शाळा, आणि दिवस संपताना ट्रान्स हार्बर लोकलची गर्दी. तरी हा लेख लिहिते आहे, कारण ज्या पिढीने विषयाची मंडळं उभी केली ती निवृत्त होते आहे. ज्यांना पुढे यायचं आहे त्यांना मंडळाची घटना, म्हणजे नियमावली, कशी वाचायची, इतिवृत्त कसं लिहायचं, चेंज रिपोर्ट म्हणजे काय, हे कुणी सांगितलेलं नसतं. बी.एड.ला हा धडा नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. मंडळातल्या कामाचा कस एकच आहे: या वर्षी तुमच्या कामामुळे दुसऱ्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाच्या तासात काय बदललं? पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच प्रश्नाशी बांधल्या आहेत.

नोकरी सांभाळून हे होतं का, असं वाटत असेल तर इतिहासात डोकावा. व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या डेप्युटी कलेक्टरने देशभरातल्या गणितप्रेमींना पत्रं लिहिली आणि त्यातून १९०७ साली आजची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी उभी राहिली. तिचं ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होतं, आणि रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध १९११ मध्ये तिच्याच नियतकालिकात छापला गेला. आपल्या जवळचं उदाहरण द. रा. कापरेकरांचं. १९०५ साली डहाणूत जन्म, माध्यमिक शिक्षण ठाण्यात, आणि सगळी नोकरी देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून. ६१७४ हा त्यांच्या नावाचा स्थिरांक (तो कसा येतो ते पुढे सांगते) एका शाळामास्तरने जगाला दिला.

मंडळ नीट ओळखून घ्या

शिक्षक संघटना आणि विषयाचं मंडळ यांत गल्लत करू नका. वेतन, बदल्या, पेन्शन, अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन हे संघटनांचं काम आहे आणि ते महत्त्वाचं आहे. विषय मंडळ विषयासाठी असतं. एकच माणूस दोन्हीकडे सभासद असू शकतो, पण व्यासपीठ एक करू नये. कोकण विभाग शिक्षक मतदारसंघाची निवडणूक जवळ आली की मंडळाच्या कार्यक्रमांना अचानक पाहुणे मिळू लागतात. त्या काळात मंडळाचा ग्रुप, सभासदांची यादी आणि माइक हे तिन्ही निवडणुकीपासून दूर ठेवायचे, एवढा नियम कार्यकारिणीने आधीच लिहून ठेवलेला बरा.

जिल्ह्याच्या मंडळापलीकडे काय आहे तेही माहीत हवं. असोसिएशन ऑफ मॅथेमॅटिक्स टीचर्स ऑफ इंडिया ही संस्था १९६५ पासून चेन्नईहून काम करते आणि मुलांसाठी राष्ट्रीय गणित प्रज्ञाशोध स्पर्धा घेते. मॅथेमॅटिक्स टीचर्स असोसिएशन (इंडिया) ही दुसरी. गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या टप्प्याची आयओक्यूएम परीक्षा ती घेते. ऑलिम्पियाडच्या पुढच्या टप्प्यांचं काम जे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहतं, ते मानखुर्दला आहे. वाशीहून खाडी ओलांडली की पुढचंच स्टेशन. देशभरातले शिक्षक जिथे दोन-दोन दिवसांचा प्रवास करून येतात ते केंद्र आपल्या दाराशी आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांनी त्याचं फाटकही पाहिलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमचं स्थानिक मंडळ. पद मागण्याआधी कार्यवाहांकडे पुढची कागदपत्रं पाहायला मागा: नोंदणी प्रमाणपत्र, मंडळाची घटना, धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट १ चा उतारा (मंडळाच्या विश्वस्तांची नावं त्यात नोंदलेली असतात), गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब आणि मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त. मागताना सूर चौकशीचा नको. ‘सर, मला काम करायचं आहे, त्याआधी मंडळ समजून घ्यायचंय’ असं म्हटलं की बहुतेक ज्येष्ठ आनंदाने फाईल पुढे करतात. घटनेत चार गोष्टी शोधा. मतदानाचा हक्क कुणाला, कार्यकारिणीची मुदत किती, गणपूर्तीसाठी किती सभासद लागतात, आणि सभेची नोटीस किती दिवस आधी काढायची. यातलं एकही चुकलं की वर्षभराचे ठराव अडचणीत येतात.

परिशिष्ट १ मधली नावं आणि आज प्रत्यक्ष काम करणारी माणसं यांत फरक आढळला, तर ते पहिलं दुरुस्त करायचं काम म्हणून लिहून ठेवा. त्याकडे खाली येतेच.

पहिलं वर्ष पदाविना

पहिल्या वर्षी पद घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी एक ठरावीक, मोजता येईल असं काम मागून घ्या. सभासद नोंदवही अद्ययावत करणं हे त्यातलं सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित. निवृत्त कोण झाले, कुणाची शाळा बदलली, कुणाचा फोन नंबर जुना आहे, ही यादी फोन करकरून नीट केली की दोन महिन्यांत जिल्ह्यातले बहुतेक गणित शिक्षक तुम्हाला आवाजाने ओळखतात. पुढे निवडणूक लढवायची असो वा नसो, ही ओळख लागतेच.

परीक्षा केंद्र सांभाळणं हे दुसरं काम. बैठक व्यवस्था, प्रश्नपत्रिकांची मोजणी, उशिरा आलेल्या मुलाच्या पालकांशी बोलणं, उत्तरपत्रिका सीलबंद करून वेळेत पोचवणं. मंडळाचा कारभार कुठे घट्ट आहे आणि कुठे सैल, ते इथे दिसतं.

शाळेची बाजूही याच वर्षात लावून घ्या. मुख्याध्यापकांना लेखी कळवा की मी अमुक मंडळाचं काम करणार आहे, बैठका शक्यतो शनिवारी दुपारी किंवा सुट्टीच्या दिवशी असतील, आणि शालेय वेळेत जावं लागलं तर आधी परवानगी घेईन. अर्जाची पोच घ्या. कार्यशाळेला गेलात तर उपस्थिती प्रमाणपत्र आणून दप्तरी लावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे, हा मुद्दाही अर्जात घालायला हरकत नाही. मंडळाचं काम म्हणजे तास बुडवण्याची सोय, असा समज शाळेत एकदा झाला की तो पुसायला वर्षं लागतात.

एक तरी सत्र स्वतः घ्या, आणि त्यात गणित करा

नेतृत्वाची खरी परीक्षा सभागृहात होते असं मला वाटतं. तीन तासांच्या कार्यशाळेत दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, सत्कार आणि मनोगतं यांत दीड तास जातो आणि ज्यासाठी शहापूरहून शिक्षक आले त्याला पाऊण तास उरतो. सत्कार जरूर करावा, माणसाची कदर झालीच पाहिजे. तो सत्र संपल्यावर करावा.

सत्र कसं असावं याचं एक उदाहरण देते. आमंत्रणातच लिहा: ‘येताना तुमच्या वर्गातल्या पाच वह्यांमधल्या चुकीच्या उत्तरांच्या झेरॉक्स आणा, मुलाचं नाव झाकून.’ अपूर्णांकांची बेरीज हा विषय घेतलात तर एक चूक जवळपास प्रत्येक शाळेतून येईल:

१/२ + १/३ = २/५

फळ्यावर हे लिहा आणि विचारा, मुलाने काय विचार केला असेल? पहिली उत्तरं ठरलेली येतात. लक्ष नव्हतं, लसावि शिकवलाय तरी करत नाहीत, पाया कच्चा. थांबा. चार-चारच्या गटांना दहा मिनिटं द्या आणि प्रश्न बदला: अशी एखादी परिस्थिती सांगा जिथे मुलाचं हे उत्तर बरोबर ठरेल. थोड्या वेळाने एखादा गट सांगतो की दोन चेंडूंत एक चौकार, पुढच्या तीन चेंडूंत एक चौकार, मिळून पाच चेंडूंत दोन चौकार. इथे सभागृह जागं होतं. मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, तो त्याच्या अनुभवातल्या एका खऱ्या हिशेबाला धरून. फक्त त्या हिशेबात ‘पूर्ण’ बदलत गेलं आहे, आधी दोन चेंडू, मग तीन, शेवटी पाच. अपूर्णांकांच्या बेरजेत ‘पूर्ण’ एकच राहायला हवं, एकच भाकरी, एकच पट्टी. म्हणजे मुलाला लसावि परत सांगण्याआधी ‘पूर्ण कोणतं?’ हा प्रश्न विचारायला हवा.

मग पुढचा प्रश्न: २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? लहान. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे मुलाच्याच तोंडून यावं यासाठी वर्गात काय विचाराल? प्रत्येकाने आपला प्रश्न कागदावर लिहायचा, पुढच्या आठवड्यात वर्गात विचारायचा आणि काय झालं ते दोन ओळींत मंडळाच्या ग्रुपवर टाकायचं. या सत्राला प्रोजेक्टर लागत नाही. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा कोणत्याही माध्यमाचा शिक्षक बसू शकतो, कारण चूक सगळ्या भाषांत सारखीच दिसते. शेवटच्या त्या दोन ओळी जपून ठेवा. वर्षअखेरीच्या अहवालात ‘कार्यशाळा उत्साहात संपन्न झाली’ या वाक्याच्या जागी त्या घालायच्या आहेत.

असं सत्र दोनदा-तीनदा घेतलंत की कार्यकारिणीत नाव सुचवायला तुम्हाला कुणाला सांगावं लागणार नाही.

कोणतं पद घ्यावं

अध्यक्षपदाकडे सगळ्यांची नजर असते, पण मंडळ चालतं ते कार्यवाह आणि कोषाध्यक्ष यांच्यावर. नव्या माणसाने सहकार्यवाह म्हणून सुरुवात करावी. नोटीस काढणं, विषयपत्रिका तयार करणं, इतिवृत्त लिहिणं ही कौशल्यं तिथे हाताला लागतात. हिशेब करताना ज्यांचा हात आखडत नाही त्यांनी सहकोषाध्यक्ष व्हावं.

निवड बहुतेक वेळा बिनविरोध होते. ती खरंच एकमताने होत असेल तर उत्तम, पण नामनिर्देशनाची तारीख सभासदांना कळलीच नाही म्हणून बिनविरोध, हे चालता कामा नये. तुम्ही उमेदवार असाल तर पाठिंब्यासाठी फोन करताना काय बोलाल ते आधी ठरवा. ‘मला संधी द्या’ याने काही कळत नाही. ‘पुढच्या दोन वर्षांत मुरबाड आणि शहापुरात प्रत्येकी दोन कार्यशाळा तिथेच जाऊन घेणार, आणि परीक्षेचा निकाल ठरलेल्या तारखेला लावणार’ असं सांगा. मग लोक तुम्हाला त्याच वाक्यावर धरतील, आणि ते योग्यच आहे.

इतिवृत्ताबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे सर्वांत जास्त ढिलाई असते. सभा संपल्यावर आठवड्याभरात ते लिहून झालं पाहिजे. कोण काय म्हणालं याची वर्णनं नकोत; ठराव, सूचक, अनुमोदक आणि निर्णय हवेत. नमुना असा:

‘ठराव क्र. ४: चालू आर्थिक वर्षातील तालुकास्तरीय गणित कार्यशाळांसाठी रु. १८,०००/- (अक्षरी रुपये अठरा हजार फक्त) पर्यंतच्या खर्चास मान्यता देण्यात येत आहे. खर्चाचा तपशील कोषाध्यक्षांनी पुढील सभेत सादर करावा. सूचक: ... अनुमोदक: ... ठराव सर्वानुमते मंजूर.’

कुणी विरोध केला असेल तर तोही नोंदवा. विरोध नोंदवला जातो हे दिसलं की नाराज माणूस बाहेर बोलण्याऐवजी सभेत बोलतो. ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात पैशाचा किंवा घटनादुरुस्तीचा विषय कधीही घेऊ नका, अध्यक्षांनी परवानगी दिली तरी. ज्यांना नोटिशीत तो विषय दिसला नाही त्यांच्यावर तो अन्याय आहे.

निवडून आल्यावरचे पहिले ९० दिवस

आपल्याकडची बहुतेक मंडळं संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदलेली असतात (त्यासाठी किमान सात सभासद लागतात) आणि सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली न्यास म्हणूनही. दुसऱ्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये बदल झाला की तो ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. यालाच आपण चेंज रिपोर्ट म्हणतो. हार-तुरे होतात, ग्रुपवर अभिनंदन होतं आणि हा अर्ज राहून जातो. दोन-तीन कार्यकारिण्या अशा गेल्या की कागदावर निवृत्त झालेली, कधी हयात नसलेली माणसं विश्वस्त राहतात. मग बँक सह्या बदलून देत नाही, आणि एखाद्या संस्थेकडून मदत मिळणार असेल तर तीही अडते.

म्हणून निवडीच्या दिवसापासूनच फाईल बनवा. सभेची नोटीस आणि ती पाठवल्याचा पुरावा, उपस्थितांच्या सह्या, निवडीच्या ठरावाची प्रत, नव्या पदाधिकाऱ्यांची संमतीपत्रं, जुन्यांचे राजीनामे किंवा मुदत संपल्याची नोंद. हे सगळं त्याच दिवशी, माणसं समोर असताना सह्या घेऊन गोळा होतं. नंतर एकेका सहीसाठी डोंबिवली ते नेरूळ फिरावं लागतं. अर्ज मात्र जाणकार वकिलाकडून किंवा हे काम नेहमी करणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. तिथे थोडे पैसे गेले तरी चालतील.

बँकेत दोघांच्या संयुक्त सहीशिवाय पैसे निघता कामा नयेत. परीक्षा शुल्क कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका, एका दिवसापुरतंही नाही. मंडळाच्या खात्याचा क्यूआर कोड काढून घ्या आणि तोच सगळ्या शाळांना पाठवा. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि पुढच्या सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, ऑडिट पूर्ण व्हायला हवं. एप्रिलमध्येच पावत्या लावून सीएंकडे दिल्या तर जून ते सप्टेंबर हा शाळेच्या धावपळीचा काळ मोकळा राहतो.

वर्षाची आखणी

जूनमध्ये शाळा सुरू होते, तेव्हा मंडळाने शांत राहावं. शिक्षकाला आपला वर्ग बसवू द्यावा. जुलैत पहिली कार्यशाळा आणि परीक्षांची परिपत्रकं. आयओक्यूएम अलीकडे सप्टेंबरच्या सुरुवातीला होत आली आहे, पण नोंदणी त्याच्या बरीच आधी असते. त्यामुळे पात्र इयत्तांच्या मुलांपर्यंत माहिती पोचवायचं काम शाळा सुरू होताच हातात घ्या.

२२ डिसेंबर, रामानुजन यांचा जन्मदिवस, राष्ट्रीय गणित दिन म्हणून सगळेच साजरा करतात. १७ जानेवारी मात्र जाणीवपूर्वक आपलासा करा, तो कापरेकरांचा जन्मदिवस. भाषणाची गरज नाही. चौथीच्या पुढचा कोणताही वर्ग घ्या, सगळे अंक सारखे नसतील अशी चार अंकी संख्या प्रत्येकाने निवडायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची आणि तेच पुन्हा करत राहायचं. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक मूल तिथे पोचतं आणि वर्गभर वजाबाकीचा सराव होतो, कुणी सांगितल्याशिवाय. मंडळाने त्या दिवशी जिल्हाभर हा एकच उपक्रम दिला तरी पुरे.

फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीच्या परीक्षांचा. त्या दोन महिन्यांत बैठका ठेवू नका. वार्षिक सभा मे महिन्याच्या सुट्टीत किंवा जुलैत, घटनेत सांगितलेल्या मुदतीत.

ठाणे जिल्हा सारखा नाही

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके राहिले: ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, उल्हासनगर, अंबरनाथ. ऐरोली ते बेलापूर ही नवी मुंबई ठाणे तालुक्यात येते. खारघर-पनवेल रायगडमध्ये, तरी तिथल्या शिक्षकांचा संपर्क नेरूळ-वाशीशीच जास्त. घटनेत कार्यक्षेत्र काय लिहिलंय ते पाहून पनवेलच्या शिक्षकांना सभासद करता येईल का ते ठरवा. नाही तर निमंत्रित म्हणून तरी बोलवा.

बैठक नौपाड्यात ठेवली की कल्याण आणि नवी मुंबई दोन्हीकडच्यांना ठाणे स्टेशन सोयीचं पडतं, म्हणून सगळंच ठाण्यात होतं. पण मुरबाडला अजून रेल्वे नाही. तिथल्या शिक्षकाला एसटीने कल्याण, मग लोकल, आणि परत जाताना अंधार. त्यातही शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांतल्या शिक्षकांना कार्यशाळेची गरज जास्त आणि संधी कमी. मंडळाचं पैशांचं आणि माणसांचं बळ ठाण्याहून तिकडे जायला हवं. दर वेळी त्यांनीच यावं, हे बरोबर नाही. छोट्या बैठका ऑनलाइन घ्या, कार्यशाळा तालुक्यात जाऊन.

भिवंडी आणि मुंब्र्यात उर्दू माध्यमाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत. नवी मुंबईत सीबीएसई शाळांची गर्दी. कार्यकारिणीत मात्र बहुधा राज्य मंडळाच्या मराठी शाळांमधलेच शिक्षक दिसतात. उर्दू माध्यमाच्या एका शिक्षकाला प्रश्नपत्रिका समितीत घ्या, भाषांतर तपासण्यापुरतं नको, प्रश्न रचण्यासाठी घ्या.

महिला शिक्षकांविषयी सरळ बोलते. प्राथमिकला गणित शिकवणाऱ्या बाईंची संख्या बघा आणि मग कार्यकारिणीची यादी बघा. संध्याकाळी साडेसहाची बैठक लावून ‘मॅडम लोक येत नाहीत’ असं म्हणणं थांबायला हवं. शनिवारी सकाळचं सत्र सुटल्यावर, स्टेशनजवळच्या शाळेत, दीड तासात संपणारी बैठक ठेवा, आणि संपण्याची वेळ विषयपत्रिकेवर छापा. सूत्रसंचालन आणि रांगोळी यापलीकडची जबाबदारी, विशेषतः हिशेबाची आणि परीक्षा नियोजनाची, त्यांच्याकडे द्या.

परीक्षा, क्लासेस आणि विश्वास

मंडळाच्या परीक्षांवर पालक विश्वास ठेवतात कारण त्या शिक्षकांच्या आहेत. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांनी १९८१ पासून चालवलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा पाहिली की विषय मंडळ केवढी पत मिळवू शकतं ते कळतं. ही पत जपण्यासाठी काही गोष्टी लेखी हव्यात. ज्याचं स्वतःचं मूल परीक्षेला बसलंय त्याने त्या वर्षी प्रश्नपत्रिकेच्या कामात राहायचं नाही. खासगी शिकवणी घेणाऱ्या संस्थांकडून प्रायोजकत्व घ्यायचं का, याचा निर्णय सर्वसाधारण सभेने करायचा. आणि मुलांची नावं-नंबर असलेली यादी कुणालाही द्यायची नाही, कितीही ओळखीचा माणूस असला आणि कितीही देणगी देत असला तरी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. पण कायदा नसता तरी हे चूकच ठरलं असतं. निकाल लागल्यावर दुसऱ्या दिवशी पालकांना क्लासचे फोन सुरू झाले, तर पुढच्या वर्षी शाळा नोंदणीच करणार नाहीत.

शासनाशी बोलताना

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीससाठी ‘वीस सात’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा विधिमंडळापासून घरापर्यंत सगळे बोलले. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची अध्यापनाची कारणं मांडली. अशा वेळी विषय मंडळाने काय करावं? बाजू घेण्याची घाई न करता दुसरी शिकवणाऱ्या तीस-चाळीस शिक्षकांना एकच छोटं काम द्यावं: वीस संख्या तोंडी सांगा, मुलांना अंकांत लिहू द्या, कुठे अंकांची अदलाबदल झाली ते नोंदवा. सत्तावीस ऐकून ७२ लिहिणारी मुलं किती, हे वर्गातून आलेलं कळलं की निवेदनाला वजन येतं.

निवेदन एका पानाचं असावं. विषय, तीन-चार निरीक्षणं, एक मागणी. शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाताना पुष्पगुच्छ नेला नाही तरी चालेल, पण सोबत प्रत्यक्ष त्या इयत्तेला शिकवणारा शिक्षक असलाच पाहिजे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या गणिताच्या अधिव्याख्यात्यांशी आणि केंद्रप्रमुखांशी वर्षभर संबंध ठेवा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत मंडळाला अर्धा तास मिळाला, तर वेगळी कार्यशाळा भरवल्यापेक्षा जास्त शिक्षकांपर्यंत पोचता येतं.

पद सोडण्याची तयारी पहिल्याच वर्षी

घटनेत सलग किती मुदती चालतात ते लिहिलेलं नसेल, तर दोन मुदतींची मर्यादा घालणारी घटनादुरुस्ती तुम्ही स्वतः पदावर असतानाच मांडा. दुसऱ्यावर बंधन घालणारा ठराव आणि स्वतःवर घालणारा ठराव यांत सभासद फरक करतात.

प्रत्येक कामाला एक जोडीदार नेमा, शक्यतो पस्तिशीच्या आतला. कार्यवाह असाल तर तिसऱ्या सभेचं इतिवृत्त सहकार्यवाहांना लिहू द्या आणि तुम्ही तपासा. सत्र घेणाऱ्या नव्या शिक्षकासोबत आदल्या आठवड्यात बसा, पण सत्र चालू असताना मध्ये बोलू नका, तो अडखळला तरी. ज्येष्ठांनी उठून वाक्य पूर्ण केलं की तो माणूस पुन्हा उभा राहत नाही.

पदभार देताना एक यादी करून दोघांच्या सह्या घ्या: इतिवृत्तांच्या वह्या, सभासद नोंदवही, पावती पुस्तकं (वापरलेली आणि कोरी, क्रमांकांसह), बँकेची कागदपत्रं, पॅन कार्ड, ऑडिट अहवाल, मंडळाच्या ईमेलचा पासवर्ड, ग्रुपचं अॅडमिन, परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका, शिक्के. नव्यांच्या चेंज रिपोर्टसाठी तुमची सही, तुमचं पत्र लागेल, ते त्याच दिवशी देऊन टाका. आणि धर्मादाय कार्यालयात तारीख लागली, तर रजा टाकून त्यांच्यासोबत जा.